स्मार्ट दिवे बसवावेत का? वायरिंग नव्याने करण्याआधी सल्ला हवा आहे

प्रश्न (कोथरूड, पुणे)

नमस्कार. आमची सदनिका १९९३ साली बांधलेल्या इमारतीत आहे आणि तिचे वायरिंगही त्याच वेळचे आहे. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन स्वयंपाकघरातला बोर्ड जळाला, तेव्हा यंदा रंगकामाला हात घालण्याआधी घरातले सगळे वायरिंग बदलून घ्यायचे आम्ही ठरवले. सजावटीचे काम ज्यांच्याकडे दिले आहे त्या ठेकेदारांनी त्यावर असे सुचवले, की भिंती फोडायच्याच आहेत तर सगळे दिवे स्मार्ट करून टाका. फोनवरून किंवा नुसते बोलून दिवे लावता येतील, उजेड कमीजास्त करता येईल, रंग बदलता येतील आणि विजेचे बिलही कमी येईल. त्यांच्या अंदाजपत्रकात दिवाणखान्यात आणि दोन्ही झोपायच्या खोल्यांत फॉल्स सीलिंग, त्यात बसवलेले स्मार्ट पॅनेल दिवे आणि उरलेल्या सर्व होल्डरांत स्मार्ट बल्ब असे धरले असून, साध्या कामापेक्षा त्याचा खर्च सुमारे ६०,००० रुपये जास्त आहे.

घरात आम्ही दोघे, बारावीतला मुलगा आणि एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई असे चौघे राहतो. सासूबाईंचा फोन साधा, बटणांचा आहे आणि तो बदलायची त्यांची मुळीच इच्छा नाही. रात्री त्या दोन-तीन वेळा उठतात, आणि अंधारात बोर्ड चाचपडत बाथरूमपर्यंत जातात याची मला सतत काळजी वाटते. दिवसा घरकामाला येणाऱ्या मावशींकडे घराची किल्ली असते. दिवाळीत आणि मे महिन्यात घर आठ-दहा दिवस बंद असते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. विजेच्या बिलात खरोखर फरक पडतो का? इंटरनेट बंद पडले किंवा वीज जाऊन आली तर या दिव्यांचे काय होते? आणि आज स्मार्ट दिवे घेतले नाहीत, पण पुढे कधी घ्यावेसे वाटले, तर पुन्हा भिंती फोडाव्या लागू नयेत म्हणून वायरिंग करतानाच कोणती सोय करून ठेवावी? ज्यांनी अशी व्यवस्था प्रत्यक्ष वापरली आहे किंवा जे हे काम करतात, त्यांनी सविस्तर लिहिले तर मनापासून आभारी राहीन.

उत्तर (परवानाधारक विद्युत ठेकेदार, नाशिक)

ताई, भिंती फोडण्याआधी तुम्ही हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रंग लागल्यानंतर अमलात आणता येत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

दिव्याला फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) अशा दोन तारा लागतात. आपल्याकडे फेज बोर्डातल्या स्विचमधून फिरवून दिव्याकडे नेतात, आणि न्यूट्रल मात्र बऱ्याच वेळा बोर्डात न आणता परस्पर दिव्याच्या पॉइंटपर्यंत पोहोचवलेला असतो. साध्या स्विचला न्यूट्रल लागत नाही, त्यामुळे याने काही बिघडत नाही. स्मार्ट स्विच किंवा स्विचच्या मागे बसणारे छोटे मॉड्यूल मात्र स्वतःही विजेवर चालते, आणि त्याला बोर्डातच न्यूट्रल हवा असतो. ज्या बोर्डांवर प्लगची सॉकेट आहे तिथे तो असतोच, कारण सॉकेटला न्यूट्रल लागतो. नसतो तो बाथरूमच्या बाहेरच्या एकट्या स्विचपाशी, गॅलरीच्या दारापाशी आणि पलंगाजवळच्या टू-वे स्विचच्या (एकच दिवा दोन जागांवरून लावता येतो अशा स्विचच्या) डबीत. आणि स्मार्ट व्यवस्था सर्वात जास्त उपयोगी पडते ती नेमकी याच जागी. म्हणून वायरमनला स्पष्ट सांगा आणि अंदाजपत्रकात लिहून घ्या, की घरातल्या प्रत्येक स्विचच्या डबीत, मग ती कितीही लहान असो, न्यूट्रल आलाच पाहिजे. कंड्युट पाइप नव्याने टाकत असताना ही एक जादा तार ओढायला लागणारा खर्च संपूर्ण कामाच्या मानाने नगण्य असतो. न्यूट्रल नसतानाही चालणारी मॉड्यूल बाजारात मिळतात, परंतु ती स्वतःला लागणारा थोडा प्रवाह दिव्यातूनच सोडतात, आणि त्यामुळे कमी वॅटचे एलईडी दिवे बंद असतानाही मंद पेटलेले राहतात किंवा लुकलुकतात. त्यावर कपॅसिटर जोडून उपाय करता येतो. पण सगळे वायरिंग नवे होत असताना ती तडजोड कशासाठी करायची?

याच संदर्भात एक गोष्ट वायरमनही कधी कधी विसरतात. बोर्डात आणलेला न्यूट्रल हा त्याच मंडलाचा (सर्किटचा) असला पाहिजे ज्या मंडलाचा फेज तिथे आला आहे. एका मंडलाचा फेज आणि जवळ मिळाला म्हणून दुसऱ्या मंडलाचा न्यूट्रल जोडला, तर दोन्ही मंडलांवर वेगवेगळी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्यास ती दिवा लावताच उडते, आणि मग दोष शोधण्यात दिवस जातो. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मंडलाबाबत ही काळजी दुपटीने घ्यावी. भिंतीत बसवायच्या लोखंडी डब्या नेहमीपेक्षा खोल घ्या, कारण मॉड्यूलला मागे जागा लागते आणि दाटीवाटीने कोंबलेल्या तारा तापतात.

आता मूळ निवडीबद्दल. तुमच्या ठेकेदारांनी बल्बच स्मार्ट घ्यायला सांगितले आहेत. स्मार्ट बल्बला वीजपुरवठा सतत चालू लागतो. भिंतीवरचा स्विच कोणी बंद केला की तो बल्ब फोनला सापडत नाही आणि आवाजालाही प्रतिसाद देत नाही. तुमच्या घरात सासूबाई आणि मावशी दोघीही भिंतीवरचाच स्विच वापरणार, आणि त्यांनी तो का वापरू नये? ज्या घरात प्रत्येक माणसाच्या हातात फोन नाही त्या घरात बल्बऐवजी स्विचच्या मागे मॉड्यूल बसवणे हाच योग्य मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी भिंतीवरचे बटण पूर्वीसारखेच दाबायचे असते, इंटरनेट असो वा नसो दिवा लागतो, आणि फोनवरून नियंत्रण करण्याची सोय वरून मिळते. शिवाय आपल्या घरांत मुख्य उजेड बहुधा ट्यूबलाइटचा असतो, आणि स्विचमागच्या मॉड्यूलला पुढे ट्यूब आहे, बल्ब आहे की झुंबर आहे याने फरक पडत नाही. टू-वे स्विच असलेल्या जागी दोन्ही बटणांचा संकेत घेणारे मॉड्यूल मिळते, तेच घ्यावे.

फॉल्स सीलिंगमधल्या स्मार्ट पॅनेल दिव्यांबद्दल मी सावध राहायला सांगेन. त्यांचा इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) आणि दिवा हे एकाच कंपनीचे आणि एकमेकांशी बांधलेले असतात. काही वर्षांनी ड्रायव्हर गेला आणि ते मॉडेल बाजारातून उठलेले असले, तर त्याच मापाचा, त्याच छटेचा दिवा मिळवणे अवघड होते. साधे पॅनेल दिवे घ्या, ते बाहेर ओढून ड्रायव्हर बदलता येतो ना हे आधी पाहून घ्या आणि नियंत्रण बोर्डातच ठेवा.

शेवटी सुरक्षिततेचे. गीझरच्या किंवा एसीच्या स्विचमागे दिव्यांसाठीचे मॉड्यूल कदापि बसवू नका. ३ किलोवॉटचा गीझर सुमारे १३ अँपिअर घेतो आणि दिव्यांसाठीची मॉड्यूल बहुधा १० अँपिअरची असतात. मुख्य बोर्डात आरसीसीबीबरोबर अतिदाबापासून संरक्षण देणारे उपकरणही बसवून घ्या, कारण वीज जाऊन येताना जो धक्का बसतो त्याने साधा स्विच मरत नाही, पण त्याच्यामागचे इलेक्ट्रॉनिक सर्किट मरू शकते.

उत्तर (डोंबिवली)

बिलाबद्दल आकडेमोड करूनच बोलावे, म्हणून मी तुमच्या घरासारख्या घराचा हिशेब मांडतो.

समजा घरात ९ वॉटचे १२ एलईडी दिवे आहेत आणि प्रत्येक दिवा सरासरी ४ तास लागतो. दिवसाला ४३२ वॉट-तास, म्हणजे वर्षाला सुमारे १५८ युनिट होतात. हेच दिवे ६० वॉटचे जुने पिवळे बल्ब असते तर वर्षाला १,०५० युनिट लागले असते. म्हणजे उजेडातली खरी बचत बल्ब बदलले तेव्हाच होऊन गेली आहे. केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून २०१५ पासून स्वस्त एलईडी घरोघर पोहोचले, तेव्हा ती बहुतेक घरांना मिळाली. आता उरलेल्या १५८ युनिटांपैकी, विसरून चालू राहिलेले दिवे स्मार्ट व्यवस्थेने बंद केले म्हणून अगदी चौथा हिस्सा वाचला असे उदारपणे धरले, तरी ते ३९ युनिट झाले. दुसऱ्या बाजूला, स्मार्ट बल्ब बंद दिसत असतानाही संदेशाची वाट पाहत जागा असतो आणि ०.३ ते ०.५ वॉट खात राहतो. १२ बल्बांचे वर्षभराचे हे खाणे ३२ ते ५३ युनिट होते. कमावलेले बहुतेक तिथेच संपते, कधी पदरचे जाते. सोपा हिशेब म्हणून युनिटला १० रुपये धरले तरी ही सगळी उलाढाल वर्षाला काहीशे रुपयांची आहे. तिच्यासाठी ६०,००० रुपये घालणे बिलाच्या दृष्टीने समर्थनीय नाही, आणि ठेकेदारांनी बिल कमी होईल असे सांगायला नको होते.

बिलच कमी करायचे असेल तर छताकडे पाहा. जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा साधारण ३० वॉट. रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात, म्हणजे तुमच्या घरातले सगळे दिवे मिळून वर्षभर जेवढी वीज घेतात तेवढी एका पंख्यातच वाचते. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढे आणि ३०० युनिटांपुढे दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे ही बचत वरच्या टप्प्यातून होते आणि तिचा फायदा आणखी जाणवतो. वायरिंग होतच आहे तर एवढे लक्षात ठेवा, की बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, त्याला सरळ स्विच लागतो.

उत्तर (सांगली)

वरचा बिलाचा हिशेब मला पूर्ण मान्य आहे, तरीही स्मार्ट दिव्यांची किंमत केवळ युनिटांत मोजू नये, असे मला आग्रहाने लिहावेसे वाटते.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी आहे. पलंगावरून दिव्याच्या बोर्डापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. दिवा लावण्यासाठी आणि बंद करण्यासाठी प्रत्येक वेळी आईला हाक मारावी लागणे हे त्यांच्या मनाला फार लागत असे. आजारपणात माणसाच्या हातातून ज्या लहान लहान गोष्टी निसटतात त्यांपैकी ही एक होती, आणि ती परत देता आली याचे मोल माझ्या लेखी कोणत्याही बचतीपेक्षा मोठे आहे. आम्ही आधी बोलून चालणारा स्पीकर आणला. पक्षाघातानंतर वडिलांचे उच्चार जड झाले आहेत आणि आवाजही क्षीण आहे, त्यामुळे त्या यंत्राला त्यांचे बोलणे कळेना, आणि दर वेळी तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागून त्यांना अधिकच असहाय वाटू लागले. शेवटी उपयोगी पडले ते एक बिनतारी बटण. नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालणारे हे बटण पलंगाच्या डाव्या कठड्याला चिकटवले आहे. एकदा दाबले की दिवा लागतो, दोनदा दाबले की मंद होतो, आणि धरून ठेवले की बंद होतो. त्यासाठी झिगबी या बिनतारी जोडणीच्या पद्धतीचा एक हब, म्हणजे बटण आणि दिवा यांना जोडणारे छोटे यंत्र, घरात ठेवावा लागला, पण बटण आणि दिवा यांच्यातला व्यवहार घरातल्या घरातच होतो आणि त्याला बाहेरचे इंटरनेट लागत नाही.

ताई, तुमच्या सासूबाईंसाठी मी फोन आणि आवाज हे दोन्ही मार्ग बाजूला ठेवायला सांगेन. त्यांना काहीही शिकावे लागू नये. पलंगाच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर हालचाल टिपणारा सेन्सर लावला, तर त्यांनी पाय खाली सोडताच पायांजवळ मंद, पिवळसर उजेड पडेल, आणि तसाच दुसरा बाथरूमच्या वाटेवर लावता येईल. उजेड २७०० केल्विनच्या आसपासचा, उबदार आणि अगदी कमी असावा. पांढरा झगझगीत दिवा अचानक लागला तर वयस्क डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही, आणि पडण्याचा धोका त्याच क्षणी असतो. हे काम स्मार्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या संचाशिवायही होते, कारण सेन्सर आतच बसवलेले साधे दिवे विजेच्या दुकानात मिळतात. आणखी एक, जी भिंती फोडण्याशी जोडलेली आहे: सासूबाईंच्या खोलीतला बोर्ड जमिनीपासून तीन फुटांवर घ्या आणि पलंगाजवळ, झोपल्या जागेवरून हात पोहोचेल असा टू-वे स्विच नक्की द्या. उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरायची वेळ आली तरी तो बोर्ड त्यांच्या हाताशी राहील. ही सोय कोणत्याही ॲपपेक्षा जास्त वर्षे टिकेल.

उत्तर (ठाणे, मूळ गाव गुहागर)

बंद घराबद्दल फारसे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमचे गुहागरचे घर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलपात असते. संध्याकाळी ओटीवरचा दिवा लागावा, म्हणजे घरात वावर आहे असे वाटेल, यासाठी आम्ही तिथे स्मार्ट बल्ब लावून पाहिला.

अडचण अशी येते, की असा स्मार्ट दिवा दुरून चालवण्यासाठी मेन स्विच, राउटर आणि इंटरनेट ही तिन्ही सतत चालू असावी लागतात, आणि कोकणात तर मान्सूनच्या आधीच्या वळवाच्या पावसात आणि नवरात्राच्या सुमारास विजा इतक्या कडकडतात, की घर बंद करताना मेन पाडूनच निघण्याची सगळ्यांची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पावसात वारंवार वीज जाते. ती आल्यावर अनेक स्मार्ट बल्ब पूर्ण उजेडात आपोआप लागतात, कारण वीज आल्यावर काय करायचे याची कारखान्यातली मांडणीच तशी असते. मग तो दिवा सकाळपासून जळत राहिलेला शेजाऱ्यांना दिसतो, म्हणजे घरात कोणी नाही हे उलट जाहीरच होते. ही मांडणी बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये बदलता येते आणि पुण्यातल्या घरासाठीही ती पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी, नाहीतर मध्यरात्री वीज येताच सगळे घर उजळून जागे होते.

आता आम्ही तो बल्ब काढून त्या जागी प्रकाशावर चालणारा साधा सेन्सर बसवला आहे, जो अंधार पडला की दिवा लावतो आणि उजाडले की बंद करतो. त्याला राउटर लागत नाही. त्या एका दिव्यासाठी वेगळी एमसीबी ठेवून बाकी सगळा मेन बंद करता येतो. दिवा कमी वॅटचा, खाली तोंड असलेला आणि पिवळा घेतला आहे, कारण रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यावर किडे झेपावत राहतात, आणि मे अखेरीस आमच्या परड्यात जे काजवे दिसतात त्यांना एकमेकांचे लुकलुकणे दिसण्यासाठी अंधारच लागतो.

तुमची सदनिका आठ-दहा दिवसच बंद राहते आणि पुण्यात वीज त्या मानाने स्थिर असते, त्यामुळे तिथे दिवाणखान्यातला एक दिवा सूर्यास्ताच्या वेळेशी जोडून ठेवणे उपयोगाचे ठरेल. एकच पुरे. सगळे घर फोनवरून पाहण्याची त्यासाठी गरज नाही.

उत्तर (न्यू जर्सी, अमेरिका)

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून कोणत्या पद्धतीची साधने घ्यावीत याविषयी थोडे लिहितो.

स्मार्ट दिव्याचे आयुष्य काही वेळा बल्बच्या आधी कंपनीच्या सर्व्हरवर संपते. ऑसरामने आपल्या लाइटिफाय या मालिकेचे सर्व्हर ३१ ऑगस्ट २०२१ रोजी बंद केले आणि त्यांचे ॲप व गेटवे निरुपयोगी झाले. पण ते बल्ब झिगबी या खुल्या पद्धतीचे असल्यामुळे लोकांना ते दुसऱ्या कंपनीच्या हबला जोडून वापरता आले. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना पूर्वसूचना न देता बंद झाले, आणि भिंतीवरची बटणे चालू राहिली तरी फोनवरचे नियंत्रण एका दिवसात गेले. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हा, की घरातले इंटरनेट काढून टाकले तर यातले काय काय चालेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचे सामाईक मानक आले, ज्यात वेगवेगळ्या कंपन्यांची साधने एकमेकांशी घरातल्या घरात बोलू शकतात. नवे काही घेणार असाल तर मॅटर किंवा झिगबी पाहून घ्या.

नुसत्या वायफायवर चालणारे दिवे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात, आणि प्रत्येक दिवा राउटरवर एक जोडणी अडवतो. असे दिवे फार झाले तर साधा राउटर थकू शकतो. या साधनांसाठी राउटरवर पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क उघडा आणि मूळचे पासवर्ड बदला, कारण २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्याचे पासवर्ड तसेच राहिलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तुमचे घर कधी झोपते, कधी उठते आणि कधी रिकामे असते हे दिव्यांच्या नोंदींतून कोणालाही कळू शकते, ही बाब हलक्यात घेऊ नये.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या घरांसाठी असतात, हेही सांगायला हवे. इथे १२० व्होल्ट वीज, आट्यांचे होल्डर, आणि २०११ च्या विद्युत संहितेपासून नव्या बांधकामात बहुतेक स्विचच्या डबीत न्यूट्रल देण्याची अट आहे. ते पाहून मागवलेली वस्तू भारतात चालेलच असे नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर (कोथरूड, पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी सगळ्यांनी मिळून हा धागा वाचला आणि निर्णय पुष्कळसा स्पष्ट झाला. स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट पॅनेल दिवे रद्द करून फॉल्स सीलिंग फक्त दिवाणखान्यात आणि साध्या दिव्यांसह करायचे ठरवले आहे. प्रत्येक डबीत त्याच मंडलाचा न्यूट्रल, खोल डब्या, सासूबाईंच्या खोलीत खाली घेतलेला बोर्ड आणि पलंगाजवळ टू-वे स्विच हे सर्व ठेकेदारांकडून लिहून घेतले. त्यांनी न्यूट्रलच्या तारांचे वेगळे पैसेही फारसे लावले नाहीत. वाचलेल्या पैशांतून तीन बीएलडीसी पंखे घेत आहोत. दिवाणखान्यातला एक दिवा आणि गॅलरीचा दिवा एवढ्यांसाठीच मॅटर पद्धतीची दोन मॉड्यूल घेऊ, आणि ती वर्षभर वापरून मग पुढचे पाहू.

एक शंका उरली आहे. सासूबाईंच्या खोलीत आणि बाथरूमच्या वाटेवर सेन्सरचे दिवे लावताना, पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला म्हणून ते रात्रभर लागत-विझत राहतील का? आणि बाथरूमच्या आतही सेन्सरच लावावा का?

उत्तर (परवानाधारक विद्युत ठेकेदार, नाशिक)

घरगुती दिव्यांतले सेन्सर उष्णतेची हालचाल टिपतात. पडदा खोलीच्याच तापमानाचा असेल तर त्याच्या हलण्याने सहसा काही होत नाही, परंतु उन्हाने तापलेल्या खिडकीचा पडदा किंवा एसीचा थेट झोत समोर असेल तर दिवा विनाकारण लागू शकतो. म्हणून सेन्सरचे तोंड खिडकीकडे किंवा एसीकडे ठेवू नका. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर तो चटकन टिपतो आणि सरळ त्याच्या दिशेने चालत आला तर उशिरा टिपतो, त्यामुळे वाटेच्या टोकाला न लावता वाटेच्या बाजूच्या भिंतीवर, गुडघ्याच्या खाली लावा. ज्यात उजेड पाहून दिवसा बंद राहण्याची आणि किती वेळाने विझायचे हे ठरवण्याची सोय आहे असाच दिवा घ्या, आणि वाटेवरच्या दिव्याची वेळ निदान दोन मिनिटांची ठेवा.

बाथरूमच्या आत मात्र मुख्य दिवा साध्या स्विचवरच ठेवा. माणूस स्थिर बसला की असा सेन्सर खोली रिकामी आहे असे धरतो आणि दिवा विझवतो. वयस्क माणसाच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. आत हवाच असेल तर मुख्य दिव्याबरोबर जादा म्हणून एक कमी वॅटचा सेन्सरचा दिवा आरशाजवळ, पाणी उडणार नाही अशा जागी द्या, त्याची वेळ दहा मिनिटांची ठेवा आणि बाथरूमचे मंडल आरसीसीबीवर आहे याची वायरमनकडून चाचणीचे बटण दाबून खात्री करून घ्या.